अमेरिकेत लॉ स्कूलला जायचंय, तर कॉलेजात मेजर कुठला घ्यावा?

नवखी_पालक
अमेरिकेत बारावीतल्या मुलांचे कॉलेजचे अर्ज सुरू झाले की बऱ्याच घरांत हा वाद रंगतो, म्हणून वेगळा धागा काढते आहे. वकील व्हायचं हे मुलांचं ठरलेलं असतं, पण त्याआधी कॉलेजात मेजर (पदवीचा मुख्य विषय) कुठला घ्यायचा यावर घरात एकमत नसतं. भारतात बारावीनंतर पाच वर्षांचं बीए एलएलबी करता येतं, तसं इथे नाही. आधी चार वर्षांची पदवी आणि मग तीन वर्षांचं जेडी (लॉ स्कूलची कायद्याची पदवी), एवढं समजलं आहे. पुढचं जाणकारांनी सांगावं.
१. प्री-लॉ किंवा पोलिटिकल सायन्सच घ्यावं लागतं का?
२. इंजिनिअरिंगमध्ये ३.४ जीपीए (ग्रेडची सरासरी, साधारण ४ पैकी) आणि इतिहासात ३.९, यात लॉ स्कूल कशाला जास्त मान देतं?
३. एच-४ (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) वर असलेल्या मुलांना वेगळा काही विचार करावा लागतो का?
कोणाच्या भाच्याने काय केलं यापेक्षा नियम आणि आकडे मिळाले तर बरं होईल.

तळटीप
पहिल्याचं उत्तर: नाही. अमेरिकन बार असोसिएशन लॉ स्कूलसाठी कुठलाच ठरावीक मेजर सुचवत नाही. मेडिकलला जसं बायॉलॉजी, ऑरगॅनिक केमिस्ट्री आधी करून यावं लागतं, तशी सक्तीच्या विषयांची यादी इथे नाही. संगीत, नर्सिंग, गणित, अर्थशास्त्र, काहीही चालतं. ‘प्री-लॉ’ हे बहुतेक कॉलेजांत मेजरचं नाव नसतंच, ते सल्लागाराच्या खिडकीवरच्या पाटीचं नाव असतं. त्या खिडकीत जरूर जावं, पण ती पदवी आहे असं समजू नये.

खरा मुद्दा तुमचा दुसरा प्रश्न आहे. तो नीट समजायचा तर लॉ स्कूलला दिसणारा जीपीए कॉलेजच्या मार्कशीटवरचा नसतो, इथून सुरुवात करावी लागेल.

सगळ्या ट्रान्सक्रिप्ट (कॉलेजच्या अधिकृत गुणपत्रिका) एलसॅक या लॉ स्कूलचे अर्ज हाताळणाऱ्या संस्थेकडे जातात. ती आपल्या नियमांनी जीपीए नव्याने काढते आणि तोच अहवाल सगळीकडे पाठवते. त्या नियमांमधले चावणारे असे:

ए म्हणजे ४.००, ए मायनस ३.६७, बी प्लस ३.३३, बी ३.००. कॉलेज ए प्लस देत असेल तर त्याचे ४.३३ धरतात. त्यामुळे ए प्लस देणाऱ्या कॉलेजातल्या मुलाचा आकडा चारच्या वर जाऊ शकतो आणि न देणाऱ्या कॉलेजातल्याचा कधीच जात नाही. अन्याय आहे, पण नियम आहे.

नापास होऊन किंवा कमी ग्रेड पडून विषय पुन्हा घेतला, तर कॉलेज जुनी ग्रेड पुसतं. पण जुनी ग्रेड आणि क्रेडिट ट्रान्सक्रिप्टवर दिसत असतील तर एलसॅक ती पुसत नाही. समजा ४ क्रेडिटच्या केमिस्ट्रीत डी मिळाली आणि पुन्हा देऊन ए मिळवली. कॉलेजच्या लेखी ४.० झाले. एलसॅकच्या लेखी ८ क्रेडिट झाली आणि सरासरी २.५. प्री-मेड (मेडिकलची पूर्वतयारी) सोडून लॉकडे वळणाऱ्यांचा पाय नेमका इथे अडकतो.

साधा ‘डब्ल्यू’ म्हणजे मुदतीत विषय सोडला, तो जीपीएत येत नाही. ‘विथड्रॉ-फेल’ असेल आणि कॉलेज ती दंडात्मक ग्रेड मानत असेल तर सरळ शून्य. पास-नापास पद्धतीने घेतलेला विषय पास झाला तर गणतीत नाही, नापास झाला तर शून्य धरून येतो.

पहिली पदवी हातात पडली की हा आकडा गोठतो. नंतर एमए करा, सर्टिफिकेट कोर्स करा, अर्जात शोभा येईल, पण जीपीए हलणार नाही. म्हणून ‘आधी इंजिनिअरिंग उरकू, मग मास्टर्समध्ये भरून काढू’ हा बेत इथे चालत नाही.

आडवाटेने
तळटीप यांच्या माहितीला +१, पण सूर जरा घाबरवणारा वाटला. इंजिनिअरिंगचे ३.४ आणि इतिहासाचे ३.९ यांत काठिण्यपातळी कोणी बघतच नाही असं नसतं. अर्ज माणसंच वाचतात. एलसॅकच्या अहवालात त्या कॉलेजातल्या इतर अर्जदारांच्या तुलनेत हा विद्यार्थी कुठे बसतो, तेही दिसतं.

तळटीप
माणसं वाचतात, मान्य. पण त्या माणसांना वर्षाच्या शेवटी एक तक्ता जाहीर करावा लागतो. बार असोसिएशनच्या नियम ५०९ खाली प्रत्येक लॉ स्कूल प्रवेश घेतलेल्यांचे एलसॅट (लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा) आणि जीपीए तीन ठिकाणी कापून छापतं: २५ वा, ५० वा आणि ७५ वा शतमक (२५ वा म्हणजे पाव मुलं ज्याच्या खाली असतात तो आकडा). त्या तक्त्यात मेजरचा रकाना नाही. ३.४ मेकॅनिकलचे असोत की नृत्याचे, मधला आकडा सारखाच खाली ओढतात. त्यामुळे अवघड मेजरचं कौतुक होतं ते दोन जवळपास सारखे अर्ज शेजारी असताना. ३.४ आणि ३.९ हे शेजारी नव्हेत, त्यांच्यात अर्ध्या गुणाचं अंतर आहे.

घरबसल्या करण्यासारखं काम सांगतो. मनातल्या पाच-सहा लॉ स्कूलांचे ५०९ अहवाल उघडा, ते फुकट असतात. जीपीएचा २५ वा शतमक बघा. त्याच्या खाली असलेल्याला एलसॅट ७५ व्याच्या वर लागतो. अशा अर्जदारांना ‘स्प्लिटर’ म्हणतात. दार बंद नसतं, पण मग सगळा भार एका परीक्षेवर येतो.

आडवाटेने
हे पटलं. तरी दुसरी बाजू राहू नये म्हणून लिहितो. वकील व्हायचं म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण तिसऱ्या वर्षापर्यंत विचार बदलतात. ज्या मेजरवर लॉशिवायही नोकरी मिळते तो घेतला असेल तर ते अडकून पडत नाहीत. मला वाटतं प्रश्न ‘सोपा की अवघड’ असा नसून ‘यात सलग चार वर्षं ए पडतील का आणि नाही गेलो लॉला तर पोट भरेल का’ असा आहे. दोन्हीला ‘हो’ म्हणता येईल असा विषय प्रत्येक मुलाचा वेगळा असतो.

डबल मेजरबद्दलही एक वाक्य. त्याचे जादा गुण नाहीत. दुसऱ्या मेजरच्या सक्तीच्या विषयांत दोन बी पडल्या तर त्या मात्र मोजल्या जातात.

गोदाकाठ
एलसॅटच्या बाजूने लिहिते, कारण ‘फिलॉसॉफी घ्या, एलसॅट सोपी जाते’ हा सल्ला अजून फिरतो आणि तो अर्धा शिळा झाला आहे.

लॉजिक गेम्सचा (अटींवरून मांडणी जुळवायच्या कोड्यांचा) भाग ऑगस्ट २०२४ पासून गेला. आता ३५ मिनिटांचे चार भाग असतात. लॉजिकल रीझनिंगचे दोन, रीडिंग कॉम्प्रिहेन्शनचा एक, आणि चौथा प्रयोगाचा. प्रयोगाच्या भागाचे गुण धरत नाहीत, पण तो कुठला ते परीक्षा देताना कळत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाच्या मध्ये १० मिनिटांची सुट्टी. गुण १२० ते १८०. निबंध वेगळा द्यायचा असतो, त्याला आकड्यात गुण नाहीत. पाच वर्षांच्या खिडकीत ५ वेळा आणि आयुष्यात ७ वेळा बसता येतं.

गेम्समुळे गणित आणि कॉम्प्युटरवाल्यांना जो सरळ फायदा व्हायचा तो आता नाही. उरलं ते वाचन आणि युक्तिवादातली फट शोधणं. मराठीत दोन वाक्यं घ्या:

परवाना असेल तर दुकान उघडता येतं.
परवाना असेल तरच दुकान उघडता येतं.

पहिल्या वाक्यावरून परवाना नसलेल्याबद्दल काहीच कळत नाही. दुसऱ्यावरून एवढंच पक्कं कळतं की दुकान उघडता येत असेल तर परवाना आहे. परवाना आहे म्हणून दुकान उघडता येईलच, असं ते म्हणत नाही. भाडं थकलं असेल, कुलूप लागलं असेल. एलसॅटमधले कितीतरी चुकीचे पर्याय या एका ‘च’वर बेतलेले असतात. इंग्रजीत हा ‘च’ ओन्ली इफ, अनलेस, रिक्वायर्स असे वेश बदलून येतो, म्हणून निसटतो.

दुसरा नमुना: ‘तक्रार नोंदवायचं अ‍ॅप आल्यापासून चोरीच्या तक्रारी दुप्पट झाल्या, म्हणजे चोऱ्या दुप्पट झाल्या.’ इथे मोजल्या तक्रारी आणि निष्कर्ष काढला चोऱ्यांचा. तक्रार करणं सोपं झालं असेल ही शक्यता सोडून दिली. हे दीड मिनिटात दिसायला हवं, कारण ३५ मिनिटांत साधारण २५ प्रश्न असतात.

यासाठी फिलॉसॉफीचा अख्खा मेजर नको. फॉर्मल लॉजिकचा एक सेमिस्टरचा कोर्स पुरतो. त्यापेक्षा मोठी मदत होते ती आठवड्याला शे-दोनशे पानं किचकट मजकूर वाचायला लावणाऱ्या विषयांची, कारण रीडिंगचा भाग दोन महिन्यांच्या क्लासने फारसा वर येत नाही.

बोरूवाला
मेजरप्रमाणे एलसॅटच्या सरासऱ्यांचे तक्ते फिरत असतात त्यावर एक टिपण. त्यांत फिलॉसॉफी, अर्थशास्त्र, गणित, फिजिक्स वर दिसतात, तर क्रिमिनल जस्टिस आणि प्री-लॉ नावाच्या पदव्या खाली. पण फिजिक्समुळे गुण वाढले असा अर्थ काढाल तर गोदाकाठ यांच्या अ‍ॅपच्या उदाहरणातली चूक कराल. फिजिक्सला जातातच कोण, आणि त्यातून लॉकडे वळतात कोण, हे आधी विचारा.

स्क्रूड्रायव्हर
‘कुठलाही मेजर चालतो’ याला एक ठसठशीत अपवाद आहे, तो अजून कोणी लिहिला नाही: पेटंट.

पेटंट ऑफिससमोर अर्ज चालवायला वेगळी नोंदणी लागते, तिची परीक्षा वेगळी, आणि त्या परीक्षेला बसायलाच विज्ञान किंवा तंत्रज्ञानाची पार्श्वभूमी लागते. जेडी करून ती मिळत नाही. उलट जेडी नसतानाही ही परीक्षा देता येते, त्यांना पेटंट एजंट म्हणतात. १०० बहुपर्यायी प्रश्न असतात आणि पास व्हायला ७० टक्के लागतात.

पात्रतेच्या वाटा तीन. पहिली, पेटंट ऑफिसच्या यादीतली पदवी: इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, केमिकल इंजिनिअरिंग, बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स वगैरे. दुसरी, पदवी दुसरीच पण विज्ञानाची क्रेडिट पुरेशी. उदाहरणार्थ फिजिक्सची २४ सेमिस्टर क्रेडिट, किंवा केमिस्ट्रीची ३०, किंवा विज्ञान-इंजिनिअरिंगची मिळून ४०, ज्यांत लॅबसह ८ केमिस्ट्री किंवा फिजिक्सची हवीत. तिसरी, इंजिनिअरिंगची एफई परीक्षा.

दुसरी वाट लक्षात ठेवण्यासारखी आहे. इतिहासाचा मेजर घेऊनही चार वर्षांत फिजिक्सची २४ क्रेडिट बसवता येतात. पण पहिल्या वर्षापासून बसवावी लागतात. शेवटच्या वर्षी सुचलं तर प्री-रिक्विझिटची (आधी करावे लागणाऱ्या कोर्सची) साखळी आड येते. क्वार्टर पद्धतीच्या (सेमिस्टरपेक्षा छोट्या सत्रांच्या) कॉलेजात असाल तर क्रेडिटला दोन तृतीयांशाने गुणा, नाहीतर ३६ ला ३६ समजून बसाल.

आणखी एक. इलेक्ट्रिकल किंवा कॉम्प्युटरवाल्याला साध्या बॅचलर पदवीवर पेटंटचं काम मिळतं. औषधं आणि जैवतंत्रज्ञानात मात्र फर्म्स बहुधा पीएचडी मागतात. बायॉलॉजीची बीएस घेऊन पेटंटच्या भरवशावर राहणाऱ्यांचं गणित तिथे बिघडतं. यादीत नाव असणं वेगळं, मागणी असणं वेगळं.

डिझाइन, आर्किटेक्चर, ग्राफिक्सवाल्यांसाठी २ जानेवारी २०२४ पासून डिझाइन पेटंटची स्वतंत्र नोंदणी सुरू झाली आहे. ती फक्त डिझाइन पेटंटपुरती.

शिक्का
तिसरा प्रश्न कोणी घेत नाहीये म्हणून घेतो. व्हिसावरच्या मुलांसाठी मेजर ही बाब खरोखर वेगळी आहे.

२१ पूर्ण झाले की एच-४ संपतो. तोपर्यंत ग्रीन कार्ड आलं नाही तर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं. एफ-१ वर शिक्षणानंतर काम करायला १२ महिन्यांचं ओपीटी मिळतं आणि पदवी स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत असेल तर २४ महिने जास्त. जेडी स्टेममध्ये नाही. म्हणजे तीन वर्षं आणि एवढा पैसा घालून हातात १२ महिने. त्यात एच-१बीची लॉटरी साधारण एकदाच येते. बारची (वकिलीच्या परवान्याची) परीक्षा जुलैअखेर आणि निकालाला पुढे काही आठवडे ते महिने, तेही या १२ महिन्यांतूनच वजा.

इथे जुनी पदवी मदतीला येऊ शकते. आधीची बॅचलर पदवी स्टेम असेल, मान्यताप्राप्त अमेरिकन कॉलेजची असेल, गेल्या १० वर्षांतली असेल, तर जेडीनंतरच्या ओपीटीवर तिच्या आधारे २४ महिन्यांची वाढ मागता येते. मात्र नोकरी त्या स्टेम विषयाशी थेट संबंधित हवी आणि कंपनी ई-व्हेरिफायमध्ये (कामाची परवानगी तपासायच्या सरकारी यंत्रणेत) हवी. इलेक्ट्रिकल करून पेटंट फर्मला लागलेल्याला हे पटवून देता येईल. फिजिक्स करून घटस्फोटाचे खटले चालवणाऱ्याला नाही. आणि त्या पदवीवर ही वाढ लॉच्या आधीच वापरून टाकली असेल तर तीच पदवी पुन्हा चालत नाही. त्यामुळे मध्ये तीन वर्षं नोकरी करून मग लॉ, असा बेत असेल तर हा हिशोब आधी करा.

अजून एक बारीक गोष्ट. स्टेम की नाही हे विभागाच्या नावावरून ठरत नाही, आय-२० (कॉलेज व्हिसासाठी देतं तो दाखला) वरच्या सीआयपी कोडवरून (विषयाच्या सरकारी क्रमांकावरून) ठरतं. साध्या अर्थशास्त्राचा कोड ४५.०६०१, तो स्टेम नाही. इकॉनोमेट्रिक्स आणि क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्सचा ४५.०६०३, तो स्टेम आहे. एकाच कॉलेजात दोन्ही असू शकतात आणि फरक दोन-तीन गणिताच्या कोर्सचा असतो. मेजर जाहीर करताना रजिस्ट्रारला कोड विचारायला पैसे पडत नाहीत.

पेटंटच्या नोंदणीतही पूर्ण नोंदणी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकांनाच मिळते. कामाची परवानगी असलेल्या व्हिसावर मर्यादित मान्यता मिळते, ती व्हिसाच्या अटींना बांधलेली.

नवखी_पालक
शिक्का, हे कुठल्याच कॉलेजच्या माहितीसत्रात ऐकलं नव्हतं, आभार. आता एक शंका. मेजर कुठलाही घेतला तरी त्यात कोर्स कसे निवडावेत?

गोदाकाठ
मोठे शोधनिबंध लिहायला लावणारे आणि ते लाल शाईने परत देणारे प्रोफेसर शोधा. एका सेमिस्टरला असा एक कोर्स असला तरी पुष्कळ. त्याखेरीज स्टॅटिस्टिक्स, मायक्रोइकॉनॉमिक्स आणि अकाउंटिंगचा पहिला कोर्स. ताळेबंद वाचता येत नसलेला वकील कंपनी कायद्यात आणि घटस्फोटातही अडतो. कॉन्स्टिट्यूशनल लॉचा कॉलेजातला कोर्स आवडला तर घ्या, पण त्याने लॉ स्कूलच्या पहिल्या वर्षात सुटका होत नाही, तिथे तो पुन्हा पहिल्यापासून असतो.

शिफारसपत्रांचाही विचार आतापासून हवा. बहुतेक ठिकाणी दोन लागतात आणि ती शिकवणाऱ्यांची हवीत. तीनशे जणांच्या लेक्चरमधला प्रोफेसर ‘हिला ए मिळाली’ एवढंच लिहू शकतो, ते तर ट्रान्सक्रिप्टवर दिसतंच. पंधरा जणांच्या सेमिनारमधला माणूस लिहितो की हिने पहिला मसुदा मोडून युक्तिवाद पुन्हा कसा बांधला. इंजिनिअरिंगवाल्यांचं घोडं बऱ्याचदा इथे अडतं. त्यांनी तिसऱ्या वर्षापर्यंत मानव्यशाखेतला निदान एक छोटा सेमिनार आणि त्याच प्रोफेसरचा दुसरा कोर्स करून ठेवावा.

तळटीप
वेळेचं गणितही जोडतो. अर्ज साधारण सप्टेंबरात उघडतात आणि आले तसे वाचले जातात. चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला अर्ज केला तर अहवालात तीनच वर्षांच्या ग्रेड असतात. पहिल्या वर्षी ३० क्रेडिटवर ३.२ आणि नंतर सतत ३.९ असं धरा. तीन वर्षांअखेर (९६ + २३४) ÷ ९० म्हणजे ३.६७. चौथं वर्ष पुरं करून मग अर्ज केला तर (९६ + ३५१) ÷ १२० म्हणजे ३.७३ च्या जवळ. एक वर्ष थांबण्याने हे सहा शतांश मिळतात. कुठल्या लॉ स्कूलच्या मधल्या आकड्याच्या अलीकडे-पलीकडे जाण्यासाठी कधी कधी तेवढेच हवे असतात.

पैनपै
आणि ते सहा शतांश पैशांत मोजा. लॉ स्कूलच्या बऱ्याच शिष्यवृत्त्या गरजेपेक्षा जीपीए आणि एलसॅट याच दोन आकड्यांवर मिळतात. १ जुलै २०२६ पासून नवीन कर्जदारांना ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी कर्ज बंद आहे, आणि जेडीसारख्या व्यावसायिक पदवीला सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला ५०,००० डॉलर, एकूण २,००,००० डॉलर. महागड्या शाळांचा फी अधिक राहण्याचा खर्च यात मावत नाही, वरचं खाजगी कर्जातून काढावं लागतं. म्हणून चार वर्षांच्या पदवीवर किती कर्ज होतंय हे मेजरइतकंच महत्त्वाचं. एफ-१ वाल्यांना तर सरकारी कर्ज मुळातच नाही. शिष्यवृत्ती सशर्त आहे का तेही ५०९ अहवालात बघा. पहिल्या वर्षी कर्व्हवर (वर्गातल्या इतरांच्या तुलनेत) ग्रेड पडतात, अट घातलेला आकडा सगळ्यांना गाठता येणारच नाही अशी रचना असते.

काही विद्यापीठांत तीन अधिक तीनची सोय असते, कॉलेजची तीन वर्षं आणि चौथं वर्ष लॉ स्कूलच्या पहिल्या वर्षात धरलेलं. एक वर्षाचा खर्च वाचतो. पण त्यासाठी मेजरचे सक्तीचे विषय तीन वर्षांत संपायला हवेत, आणि इंजिनिअरिंगमध्ये ते जवळपास अशक्य आहे.

सायंतारा
जरा अवांतर. भारतात पदवी करून इथे आलेल्यांचा जीपीए कसा काढतात? बीकॉमचे ५८ टक्के म्हणजे २.३ वगैरे?

तळटीप
अवांतर नाही, बऱ्याच जणांना लागेल. परदेशी पदवीचा एलसॅक आकडा काढतच नाही. ट्रान्सक्रिप्ट तपासून उत्कृष्ट, सरासरीच्या वर, सरासरी, सरासरीच्या खाली असा शेरा देते. ५८ टक्के तिथल्या पद्धतीच्या मानाने बघितले जातात, इथल्या एफशी (नापास ग्रेडशी) तुलना होत नाही. जीपीएच्या शतमकात तो अर्ज मोजलाच जात नाही, म्हणून त्यांच्या बाबतीत एलसॅटचं वजन खूप वाढतं.

नवखी_पालक
शेवटचं विचारते. हायस्कूलमध्येच कम्युनिटी कॉलेजचे ड्युअल एनरोलमेंट कोर्स घेतात, ते यात येतात का? आणि एपी (हायस्कूलमधले कॉलेजच्या पातळीचे कोर्स)?

तळटीप
एपीच्या परीक्षेतून फक्त क्रेडिट मिळतं, ग्रेड नाही, म्हणून ते येत नाही. ड्युअल एनरोलमेंट मात्र येतं. ते कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर असतं आणि एलसॅक प्रत्येक कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट मागते, मग तो विषय सोळाव्या वर्षी घेतलेला असो. पुढे ज्या कॉलेजात गेलात त्याने ती क्रेडिट मानली नाहीत तरी. अकरावीतल्या कॉलेज अल्जिब्राची सी तिथे राहते. कोर्स सध्या चालू असेल आणि गडगडतोय असं दिसत असेल, तर त्या कम्युनिटी कॉलेजच्या कॅलेंडरवर ‘डब्ल्यू’सह सोडण्याची शेवटची तारीख बघा. ती हायस्कूलच्या तारखेच्या आधी येऊ शकते, आणि हायस्कूलच्या काउन्सेलरला सांगून विषय सुटत नाही, कॉलेजच्या पोर्टलवर जाऊन तो सोडावा लागतो.

नवखी_पालक
बघते आजच. पोर्टलचा पासवर्ड मुलांकडेच असतो, तिथून सुरुवात.